बल्ब नुसता मंद होतो, मग मोटर का जळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विहिरीवरची पाच एचपीची थ्री फेज मोटर एका हंगामात दोनदा जळली. दोन्ही वेळा "व्होल्टेज कमी होतं" एवढंच कारण सांगण्यात आलं. पण व्होल्टेज कमी असताना घरातला बल्ब नुसता मंद होतो, जळत नाही, मग मोटरलाच काय होतं? आणि दुकानात मोटर उघडली तेव्हा आतल्या रोटरला एकही वायर जोडलेली दिसली नाही. मग तो फिरतो कशावर?

मोटरचं वाइंडिंग आणि स्टार्टरची कामं मी बरीच वर्षं करतोय. माझ्या अनुभवात दुसरा प्रश्न नीट समजला की पहिला निम्मा सुटतो. म्हणून आधी रोटर.

तारेतून करंट वाहिला की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं. कोपनहेगनच्या हान्स क्रिस्टियन ओर्स्टेडने हे १८२० साली होकायंत्राच्या सुईवर दाखवलं. मोटरच्या बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तांब्याच्या तारेची जी वेटोळी बसवलेली असतात ती याच कामासाठी. उलट दिशेचा रस्ता, म्हणजे चुंबकत्वातून वीज, सापडायला आणखी अकरा वर्षं गेली. मायकेल फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये लोखंडाच्या एका कड्यावर दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली आणि एकाला बॅटरी जोडली. दुसऱ्या वेटोळ्याच्या जवळची सुई हलली, पण फक्त बॅटरी जोडताना आणि काढताना. मधल्या वेळात करंट चालू होता, चुंबकत्वही होतं, तरी सुई जागची हलली नाही. दहावीच्या विज्ञानात हे एक-दोन ओळींत येतं आणि आपण ते पाठ करून पुढे जातो. पण मोटर, डीपी (म्हणजे लाइनवरचा ट्रान्सफॉर्मर), घरचा इंडक्शनचा चुला, सगळं त्यावरच चालतं: चुंबकत्व नुसतं असून भागत नाही, ते बदलत राहिलं तरच वीज निर्माण होते.

याच्याही आधी, १८२४ च्या सुमारास, फ्रान्समध्ये फ्रांस्वा ॲरागोने एक चमत्कारिक गोष्ट पाहिली होती. चुंबकसुईखाली तांब्याची तबकडी फिरवली की सुईसुद्धा तिच्यामागे फिरू लागते. तांब्याला चुंबक चिकटत नाही, मग ही ओढ आली कुठून? फॅरेडेने त्याचा उलगडा केला. सुई आणि तबकडी एकमेकांच्या तुलनेत सरकत असतात, त्यामुळे तबकडीच्या प्रत्येक भागातलं चुंबकत्व बदलत राहतं आणि तिच्या अंगातच करंटचे भोवरे तयार होतात. १८३४ साली हाइनरिख लेन्झने त्याची दिशा सांगितली: असा करंट ज्या बदलामुळे जन्माला येतो त्याच बदलाला विरोध करतो. इथे बदल म्हणजे दोघांच्या वेगातला फरक. तो फरक मिटवायचा तर एकाने दुसऱ्यामागे धावलं पाहिजे, आणि तसंच होतं. घरातल्या जुन्या वीजमीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरताना तुम्ही पाहिली असेल, तीही याच ओढीने फिरते.

तुम्ही पाहिलेला रोटर म्हणजे ॲरागोची तबकडीच, फक्त आकार वेगळा. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यात ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे दांडे बसवलेले असतात आणि दोन्ही टोकांना ते कड्यांनी जोडलेले असतात. बाहेरून वायर आणायची गरजच नाही, करंट आतल्या आत तयार होतो. राहिला प्रश्न चुंबक फिरवण्याचा. तिथे थ्री फेज कामाला येते. तीन फेजचे करंट एकमेकांच्या मागे एक तृतीयांश आवर्तनाने वाढतात आणि उतरतात, त्यामुळे स्टेटरमधलं चुंबकत्व एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत गोल फिरत राहतं. एकही भाग न हलवता चुंबक फिरतो. इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला या दोघांनी १८८८ साली हे स्वतंत्रपणे जगापुढे मांडलं. पुढच्याच वर्षी जर्मनीत मिखाइल दोलिवो-दोब्रोव्होल्स्की या इंजिनिअरने थ्री फेजवर चालणारी, दांड्यांचा पिंजरा असलेली मोटर बनवली, आणि तुमच्या विहिरीवरची मोटर तत्त्वतः तीच आहे. कोणत्याही दोन फेज आपापसात बदलल्या की हे चुंबकत्व उलट फिरतं, म्हणून मोटरही उलटी फिरते. डीपीवर काम झाल्यानंतर अचानक पाणी कमी येऊ लागलं तर आधी हे बघा.

आता मोटरवरच्या पाटीवरचा आकडा बघा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. दोन पोलच्या, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांची एकच जोडी असलेल्या, मोटरमध्ये चुंबकत्व मिनिटाला ३००० फेरे घेतं, आणि पाटीवर मात्र २८८० सारखा आकडा असतो. हा फरक मोटरच्या दर्जातला दोष नाही. रोटर ३००० ला पोचला तर त्याच्या आणि चुंबकत्वाच्या वेगात फरक उरणार नाही, दांड्यांना बदल जाणवणार नाही, करंट तयार होणार नाही आणि ओढच संपेल. रोटर मागे राहतो म्हणूनच फिरतो. विहिरीतलं सगळं पाणी या १२० फेऱ्यांच्या फरकावर वर येतं. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. ओझं वाढलं की रोटर आणखी थोडा मागे पडतो, दांड्यांतला करंट वाढतो, ओढ वाढते आणि ओझं पेललं जातं. मोटरला कोणी सांगावं लागत नाही, आपल्याला किती करंट हवा ते ती स्लिपमधून ठरवते.

आता तुमचा पहिला प्रश्न. दुरुस्तीच्या दुकानात गेलात तर मल्टिमीटरने एका फेजच्या वाइंडिंगचा रोध मोजायला सांगा. पाच एचपीच्या, डेल्टा जोडणीतल्या (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेल्या) मोटरला तो पाच ओहमच्या आसपास मिळतो. ४१५ व्होल्टला पाचाने भागलं तर ८३ अँपिअर येतात. प्रत्यक्षात पूर्ण ओझ्यावरही त्या वाइंडिंगमधून सव्वाचार-साडेचार अँपिअरच जातात आणि बाहेरच्या वायरमध्ये साडेसातच्या आसपास. उरलेलं व्होल्टेज कुठे गेलं?

त्याला अडवलं मोटरनेच. स्टेटरमधलं बदलतं चुंबकत्व रोटरमध्ये जसा करंट निर्माण करतं, तसंच ते स्वतःच्या वाइंडिंगमध्येही व्होल्टेज निर्माण करतं, आणि लेन्झच्या नियमाने ते लाइनच्या व्होल्टेजच्या विरुद्ध असतं. ४१५ पैकी बहुतेक सगळं त्यातच तोलून धरलं जातं. तांब्याला जाळू शकणारा करंट तांब्याच्या रोधामुळे अडत नाही, तो या उलट्या व्होल्टेजमुळे अडतो. आणि रोटर नीट वेगात असला तरच हा तोल राहतो. रोटर थांबलेला असेल तर मोटर म्हणजे दुसरी बाजू शॉर्ट केलेला ट्रान्सफॉर्मर. म्हणूनच स्टार्टर दाबल्यावर पहिल्या क्षणी करंट नेहमीच्या सहा-सात पट जातो. मोटरला वाचवणारी खरी गोष्ट तिचा वेग आहे, हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं त्यातून निघतं.

बल्बकडे बघा. तो नुसता रोध आहे. व्होल्टेज उतरलं की करंट उतरतो, उष्णता उतरते, बल्ब मंद होतो. त्याच्यावर कुठलं काम पार पाडायची सक्ती नाही. मोटरच्या शाफ्टवर मात्र पंप लटकलेला असतो आणि विहिरीची खोली व्होल्टेज बघून कमी होत नाही. व्होल्टेज उतरलं की स्टेटरचं चुंबकत्व त्याच प्रमाणात उतरतं. ओढ ही चुंबकत्व आणि रोटरचा करंट यांच्या गुणाकारावर ठरते. चुंबकत्व घटलं आणि ओढ तेवढीच हवी, तर रोटरचा करंट वाढायलाच हवा. तो वाढण्यासाठी रोटर आणखी मागे पडतो, आणि रोटरमध्ये वाढलेला करंट स्टेटरला लाइनमधून ओढावा लागतो. ४१५ च्या जागी ३०० व्होल्ट आले तर साडेसातच्या जागी दहा-साडेदहा अँपिअर. करंट १.४ पट झाला की तांब्यातली उष्णता त्याच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दुप्पट. वरचा पंखाही थोड्या कमी वेगाने फिरतो, त्यामुळे हवा कमी लागते. वाइंडिंगच्या इन्शुलेशनबद्दल आमच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब आहे: ठरलेल्या मर्यादेपेक्षा दर १० अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. त्या दिवशी मोटर जळलीच पाहिजे असं नाही, पण पाच-दहा वर्षांचं आयुष्य एका उन्हाळ्यात संपतं.

आणखी खाली गेलं तर प्रकार वेगळा होतो. मोटर जास्तीत जास्त जेवढी ओढ देऊ शकते ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. ३०० व्होल्टला ती पूर्ण व्होल्टेजच्या तुलनेत ५२ टक्केच उरते. त्याखाली कुठेतरी एक बिंदू येतो जिथे ओझं ओढीपेक्षा जड होतं. मग मोटर हळू होत नाही, ती बसतेच. वेग गेला, उलटा तोल गेला, करंट चार-पाच पटीवर आणि उष्णता वीस पटीच्या आसपास. अशा अवस्थेत मिनिट-दोन मिनिटांत वास येऊ लागतो. बंद मोटर कमी व्होल्टेजवर सुरू करायला गेलात तरी हेच होतं: ती हुंकारते, उचलत नाही, आणि माणूस पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबत राहतो.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रिकामी मोटर कमी व्होल्टेजला उलट कमी करंट घेते, कारण तिला फक्त चुंबकत्व उभं करायचं असतं. त्यामुळे दुकानात मोटर मोकळी फिरवून "बघा, करंट कमीच आहे" असं दाखवलं तर विहिरीवर काय होईल ते त्यावरून कळत नाही. आणि व्होल्टेज जास्त असणंही बरं नाही. रात्री सगळ्यांच्या मोटरी बंद झाल्यावर डीपीजवळच्या विहिरींवर ४५०-४६० व्होल्ट दिसू शकतात. तेव्हा लोखंड चुंबकत्वाने भरून जातं, त्यापुढे थोडं चुंबकत्व वाढवायलाही फार जास्त करंट लागतो, आणि मोटर ओझ्याशिवायही तापते.

व्होल्टेज का पडतं, तेही याच साखळीत आहे. डीपीतला ट्रान्सफॉर्मर म्हणजे फॅरेडेच्या कड्याचंच मोठं रूप. एका बाजूला ११,००० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला प्रत्येक फेजला २५० च्या आसपास, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण ४४ ला १. डीपीपाशी व्होल्टेज बरं असतं, पण पुढच्या लांब तारेत करंटच्या प्रमाणात ते गळत जातं. व्होल्टेज कमी झालं की प्रत्येक भरलेली मोटर जास्त करंट ओढते, त्यामुळे व्होल्टेज आणखी पडतं, मग करंट आणखी वाढतो. लाइट आल्याबरोबर सगळ्यांचे ऑटो स्विच एकाच क्षणी मोटरी सुरू करतात तेव्हा तर सहापट करंटची बेरीज होते आणि डीपीचा फ्यूज जातो. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून ऑटो स्विचच्या वेळा मागेपुढे लावल्या तर फुकटात मोठा फरक पडतो. मी हे मनापासून सांगतोय, कारण यात कुणाचाही तोटा नाही.

दुसरा उपाय कपॅसिटरचा. मोटरच्या करंटचा एक हिस्सा पाणी उपसत नाही, तो फक्त चुंबकत्व उभं करतो आणि परत देतो, दर आवर्तनात. तो सगळा लांबच्या लाइनमधून ये-जा करतो. मोटरपाशीच योग्य मापाचा कपॅसिटर बसवला, पाच एचपीला साधारण २ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप), तर ही देवाणघेवाण तिथल्या तिथे होते, लाइनचा करंट उतरतो आणि टोकाच्या विहिरीला थोडं व्होल्टेज परत मिळतं. एकट्याने लावून फायदा थोडा, सगळ्यांनी लावून चांगला.

पण तुमच्या मोटरीबद्दल मला एक शंका आहे. कमी व्होल्टेज हे सगळ्यात सोपं सांगायचं कारण आहे, खरं कारण अनेकदा फेज जाणं असतं. तीनपैकी एक फेज गेली की चालू मोटर थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, आणि त्या दोन वायरमधला करंट किमान १.७३ पट होतो. बाहेरून आवाजात थोडा फरक, पाणी जवळपास तेवढंच, म्हणून कुणाला कळत नाही. उभी मोटर असेल तर दोन फेजवर चुंबकत्व फिरतच नाही, नुसतं पुढे-मागे होतं, त्यामुळे मोटर हुंकारत जागेवर जळते. हे ओळखायचं तर जळलेली मोटर खोलताना तिथे उभे राहा. वाइंडिंगची सगळी वेटोळी एकसारखी काळी पडली असतील तर ओझं, कमी व्होल्टेज किंवा अडकलेला पंप. काही गट काळे आणि मधले गट कोरे, असा नियमित पट्टा दिसला तर फेज गेलेली. स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) दोन फेजची वेटोळी जळतात, डेल्टात एका फेजची. एकाच ठिकाणी छोटासा डाग असेल तर तिथलं इन्शुलेशन सोललं होतं, बाकी विजेचा दोष नाही. तार कापून टाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर कुणीही काहीही सांगू शकतं.

फेज नसताना कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच, लावून दोन फेजवर मोटर चालवण्याची पद्धत आपल्याकडे खूप पसरली आहे. कंडेन्सर तिसऱ्या फेजची नक्कल करतो, पण ती नक्कल एकाच ठरावीक ओझ्याला जुळते. पाण्याची पातळी बदलली की जुळणी बिघडते आणि एक वाइंडिंग जास्त तापतं. पीक वाळत असताना माणूस हे का करतो ते मला कळतं, पण नेहमीचा उपाय म्हणून हे करू नका.

स्टार्टरकडे फार लोक बघत नाहीत. त्यातली नो-व्होल्ट कॉइल हीसुद्धा ओर्स्टेडचीच गोष्ट, लोखंड ओढून धरणारा विद्युतचुंबक. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेव्हा पकड सुटू नये म्हणून लोखंडाच्या तोंडावर तांब्याचं एक छोटं कडं बसवलेलं असतं. त्यात प्रवर्तनाने, म्हणजे बदलत्या चुंबकत्वामुळे, उशिरा करंट येतो आणि तो मधला क्षण सांभाळतो. हे कडं तुटलं किंवा लोखंडाच्या तोंडावर गंज-माती बसली की स्टार्टर घुरघुरतो. फटीमुळे कॉइलचं स्वतःचं उलटं व्होल्टेज घटतं, करंट वाढतो आणि कॉइल जळते. मोटरचीच कथा, छोट्या आकारात. घुरघुर ऐकू आली की मेन बंद करून तोंडं साफ करून घ्या. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, पाटीवरच्या करंटवरच असू द्या. मोटर वारंवार ट्रिप होते म्हणून तो वर सरकवला की शेवटचा पहारेकरी गेला. एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर नसेल तर बसवा, रिवाइंडिंगच्या एका बिलापुढे त्याचा खर्च काहीच नाही.

रिवाइंडिंगबद्दल एक आग्रह धरा. स्टेटरचं लोखंड अखंड नसतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पत्रे म्हणजे स्टॅम्पिंग एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येकावर इन्शुलेशनचा पातळ थर असतो. कारण ॲरागोच्या तबकडीतले भोवरे लोखंडातही उठतात आणि ते फुकट उष्णता देतात. पत्रे वेगळे ठेवले की भोवऱ्यांना जागाच मिळत नाही. (इंडक्शनच्या चुल्यात हेच भोवरे मुद्दाम उठवतात. सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा बदलणारं चुंबकत्व, आणि भांड्याचं बूडच तापतं. ज्या भांड्याला चुंबक चिकटतो ते चालतं, ॲल्युमिनियमचं पातेलं साध्या चुल्यावर चालत नाही.) जुनी तार पटकन निघावी म्हणून काही ठिकाणी स्टेटर सरळ आगीत टाकतात. वार्निश जळतं, तार सुटते, पण पत्र्यांमधला थरही जळतो. मग नवं तांबं भरूनही मोटर पहिल्यासारखी थंड चालत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं खापर पुन्हा व्होल्टेजवर फुटतं. तुमची मोटर एका हंगामात दोनदा गेली यामागे हे असू शकतं. तार कापून, ठरावीक तापमानाच्या भट्टीत तापवून काढायला सांगा. जुन्या तारेचा गेज आणि वेढे मोजून तेवढेच भरायला सांगा. वेढे कमी भरले की तेवढंच व्होल्टेज तोलायला जास्त चुंबकत्व लागतं आणि मोटर पहिल्या दिवसापासून तापते.

मोटर पुन्हा बसवली की, पाणी चालू असताना, वायरमनकडून टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा करंट मोजून घ्या. हे यंत्रही प्रवर्तनावरच चालतं: जबड्यात आलेल्या तारेभोवतीचं बदलतं चुंबकत्व ते मोजतं. म्हणून जबड्यात एका वेळी एकच तार घ्यायची. तिन्ही एकत्र घेतल्या तर बेरीज शून्य येते. (घरातली आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडणारा स्विच, नेमकी ही बेरीज बघते, आणि ३० मिलीअँपिअर जरी बाहेर गळले तरी वीज तोडते. घरी नसेल तर मोटरीआधी ती बसवा.) तीन करंट, तीन फेजमधली व्होल्टेज आणि तारीख पॅनलच्या दाराच्या आत लिहून ठेवा. पुढे कधी व्होल्टेज तेवढंच असून तिन्ही करंट वाढलेले दिसले तर दोष मोटर-पंपात शोधा: बेअरिंग, बुश, घासणारा इम्पेलर. व्होल्टेज पडलेलं असेल आणि करंट पाटीच्या वर असेल तर त्या वेळी मोटर बंद ठेवा. आणि एकाच फेजचा आकडा बाकी दोघांपासून वेगळा पडला असेल तर आधी स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि डीपीवरचा फ्यूज तपासायला सांगा, मोटर वर काढायची घाई करू नका.